ऐकलेले अक्षर आणि बोटांखालचे अक्षर

गोंदियाहून नागभीड व चंद्रपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, वैनगंगेच्या काठी, वडसा हे स्थानक लागते. गावाचे सरकारी नाव देसाईगंज. परंतु माणसांच्या तोंडी वडसा हेच नाव टिकून राहिले आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला आणि त्यानंतर दीर्घकाळ त्या विस्तीर्ण अरण्यजिल्ह्यातील हे एकमेव रेल्वेस्थानक होते. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना वडसा ठाऊक असते ते मात्र झाडीपट्टीच्या रंगभूमीमुळे. दिवाळीनंतर सुरू होऊन होळीपर्यंत चालणाऱ्या नाट्यहंगामाची सूत्रे येथून हलतात. नाट्यकंपन्यांची कार्यालये येथे आहेत आणि गावोगावच्या मंडळांची माणसे प्रयोग ठरवायला येथेच येतात. रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगणारे हे नाटक ‘पाहायला’ जायचे असते हे खरे. पण त्यातील पदे, पल्लेदार संवाद आणि हशा-टाळ्यांचा गलका ध्यानात घेतला, तर ते निम्म्याहून अधिक ऐकण्याचे असते. मंडपाच्या कडेला बसलेल्या अंध मुलाला या नाटकातून जे मिळते ते शेजारच्या डोळस मुलापेक्षा फार कमी असते, असे आम्हांस वाटत नाही.

प्रश्न उद्भवतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. तेच मूल शाळेत जाते, गुरुजी फळ्यावर लिहितात, ‘पान बारा उघडा’ म्हणतात, आणि आदल्या रात्री सर्वांच्या बरोबरीने नाटकात रमलेला हा श्रोता एकाएकी वर्गाबाहेर पडतो. मंडपात त्याला कोणाची मध्यस्थी लागली नव्हती. वर्गात पानावरचे प्रत्येक अक्षर दुसऱ्याच्या तोंडून यावे लागते आणि त्याचे प्रत्येक उत्तर दुसऱ्याच्या हाताने कागदावर उतरावे लागते. अंधांच्या शिक्षणाचा गेल्या दोन शतकांचा इतिहास हा बव्हंशी या दोन मध्यस्थांचा, म्हणजे वाचून दाखवणाऱ्याचा आणि लिहून घेणाऱ्याचा इतिहास आहे. पाटी, टंकयंत्र, ध्वनिफीत, संगणक ही साधने त्या इतिहासात क्रमाने येतात; पण प्रत्येक साधनाला विचारावयाचा प्रश्न एकच असतो. या साधनाने अक्षर विद्यार्थ्याच्या स्वाधीन केले, की केवळ मध्यस्थ बदलला? भाषा व साहित्य शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या आपणां सर्वांसाठी हा प्रश्न दयेचा नाही, वाचन म्हणजे काय या आपल्याच व्यवसायाच्या मूळ प्रश्नाचे ते एक रूप आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

मध्यस्थांच्या द्वारे किती दूर जाता येते याचे विदर्भातील सर्वांत थोर उदाहरण गुलाबराव महाराजांचे. १८८१ साली अमरावती जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला आणि वर्ष पुरे होण्याच्या आतच त्यांची दृष्टी गेली. १९१५ साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. तेवढ्या अवधीत वेदान्त, भक्ती, आयुर्वेद, संगीत, पाश्चात्त्य विचारांचे खंडन अशा नाना विषयांवर त्यांच्या नावे शंभराहून अधिक ग्रंथ झाले. लोकांनी त्यांस प्रज्ञाचक्षू म्हटले. हे सारे कसे घडले? दुसऱ्यांनी वाचावे, महाराजांनी एकदा ऐकून स्मरणात साठवावे, नंतर त्यांनी सांगावे आणि शिष्यांनी उतरून घ्यावे, अशा रीतीने. श्रवण, स्मरण, कथन ही आपल्या परंपरेची जुनीच शिक्षणपद्धती आहे आणि त्या पद्धतीत डोळ्यांचे स्थान पुष्कळसे दुय्यम होते. कीर्तन ऐकून संतवाङ्मय मुखोद्गत करणाऱ्या समाजात अंध असणे आणि निरक्षर असणे यांत ज्ञानाच्या दृष्टीने मोठे अंतर नव्हते. कारण बहुतेक सारेच श्रोते होते.

परंतु या उदाहरणाचा दुसरा अर्थही नजरेआड करू नये. असाधारण स्मरणशक्ती आणि रात्रंदिवस सेवेस तत्पर असा शिष्यवर्ग, हे दोन्ही लाभलेल्या एका माणसाला जे साधले ते शंभर मुलांच्या शाळेला साधणार नव्हते. सामान्य बुद्धीच्या अंध मुलाला सामान्य प्रतीचे शिक्षण कसे द्यावे, हा प्रश्न थोर पुरुषांच्या चरित्रांनी सुटत नाही. तो सोडवण्यास लिपी लागते. महाराजांच्या हयातीत अशी लिपी जगात अस्तित्वात होती. १८८७ साली अमृतसरला भारतातील पहिली अंधशाळा निघाली होती. वऱ्हाडात मात्र त्या लिपीचा मागमूस नव्हता.

त्या लिपीची जन्मकथा पुष्कळदा सांगितली जाते, पण तिच्यातील आमच्या विषयाला अत्यंत महत्त्वाचा धागा बहुधा निसटतो. लुई ब्रेलचा जन्म १८०९ सालचा. पॅरिसजवळच्या कुव्ह्रे गावी त्याचे वडील घोड्यांचे खोगीर व चामडी साज तयार करीत. तिसऱ्या वर्षी त्यांच्याच आरीने डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. १८१९ मध्ये तो पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाला. तेथे पुस्तके होती, पण ती डोळसांचीच अक्षरे कागदावर उठवून केलेली, अवजड आणि बोटांना कष्ट देणारी. पुढे चार्ल्स बार्बिए नामक एका लष्करी अधिकाऱ्याने आपली बारा टिंबांची पद्धती शाळेपुढे ठेवली. ती टिंबे बोटांना रेषांपेक्षा किती तरी सुलभ वाटली. परंतु बार्बिएची पद्धती उच्चारांची होती. शब्द कसा ऐकू येतो तेवढेच तीत लिहिता येई. तो कसा लिहितात हे तीत सांगता येत नसे. विरामचिन्हांना, अंकांना तीत जागा नव्हती. अंधांना कामापुरता उच्चार पुरे, असा तिच्यामागील हिशेब दिसतो.

ब्रेलला तो मान्य झाला नाही. बाराची सहा टिंबे करून त्याने चिन्ह बोटाच्या एकाच स्पर्शात मावेल असे केले, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की, त्याने उच्चारांऐवजी वर्णमाला घेतली. १८२४ च्या सुमारास, पंधराव्या वर्षी, त्याची मांडणी तयार झाली आणि १८२९ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. डोळस माणूस जे लिहितो तेच, शुद्धलेखनासह, विरामचिन्हांसह, अंध माणसाने लिहावे, हा हक्क त्या पौगंडवयीन मुलाने मागितला. ऐकणे म्हणजेच वाचणे असे मानणाऱ्या सोयीस्कर मताला दिलेले ते पहिले उत्तर होय. हा वाद तेव्हा संपला असे मात्र समजू नये. पुढे तो मराठीच्या अंगणात पुन्हा येणार आहे.

महाराष्ट्रात ही लिपी आली ती दुष्काळाच्या पाठोपाठ. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर, १९०० साली, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. पुढे दादरची अंधशाळा म्हणून ती नावारूपास आली आणि आज ती कमला मेहता यांच्या नावाने मुलींची शाळा म्हणून ओळखली जाते. १९०२ मध्ये मुंबईतच व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. १९३४ मध्ये पुण्यात अंधशाळा सुरू झाली. या काळातील मोठी अडचण लिपीचीच होती. ब्रेलची सहा टिंबे फ्रेंच वर्णमालेसाठी योजलेली; ती भारतीय भाषांना कशी लावावी याविषयी एकमत नव्हते. मिशनऱ्यांनी आपापल्या प्रांतात मांडण्या केल्या, कलकत्त्यास लालबिहारी शाह यांनी बंगालीसाठी केली, आणि स्वतःची दृष्टी गमावलेले डॉ. नीलकंठराय छत्रपती यांनी पश्चिम भारतातील भाषांसाठी केली. परिणामी एका प्रांतात छापलेले पुस्तक दुसऱ्या प्रांतातील अंध वाचकाला निरुपयोगी ठरू लागले. आधीच मूठभर असलेली पुस्तके आणखी मूठभर झाली.

स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने १९४९ मध्ये हा प्रश्न युनेस्कोपुढे नेला. तेथे या कामाची धुरा सर क्लूथा मॅकेन्झी यांच्याकडे होती. मूळचे न्यूझीलंडचे असलेले हे गृहस्थ १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या लढाईत अंध झाले होते आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात देहरादूनला अंध सैनिकांच्या पुनर्वसनाचे काम पाहून गेले होते. पॅरिस व बैरूत येथील परिषदांनंतर १९५१ मध्ये ‘भारती ब्रेल’ निश्चित झाली आणि त्याच वर्षी देहरादूनला केंद्रीय ब्रेल मुद्रणालय सुरू झाले. पुढच्या वर्षी, १९५२ मध्ये, मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे सर्वांच्या परिचयाची ‘नॅब’, स्थापन झाली.

भारती ब्रेलची रचना भाषेच्या विद्यार्थ्यांनी एकदा मुद्दाम पाहावी. चिन्हाच्या डाव्या उभ्या ओळीतील टिंबांना वरून खाली १, २, ३ आणि उजव्या ओळीतील टिंबांना ४, ५, ६ असे क्रमांक आहेत. क म्हणजे १ व ३. म म्हणजे १, ३, ४. ऱ्हस्व इ म्हणजे २ व ४. दीर्घ ई म्हणजे ३ व ५. व्यंजनातील अ गृहीत धरलेला असतो. मात्रा, काना, वेलांटी असे वेगळे चिन्हविश्व नाही. व्यंजनाच्या पुढे स्वर लिहिला की झाले. आता ‘दिवस’ हा शब्द घ्या. छापील मराठीत डोळ्याला आधी वेलांटी दिसते आणि मग द. भारती ब्रेलमध्ये आधी द येतो, मग इ, मग व, मग स. म्हणजे आपण ज्या क्रमाने बोलतो त्याच क्रमाने बोट वाचते. लेखनाच्या दृश्य सवयीने देवनागरीत आणलेला उलटेपणा या लिपीने काढून टाकला आणि तरीही ऱ्हस्व-दीर्घाचा, श-षचा, न-णचा भेद जसाच्या तसा राखला. ध्वनीचा क्रम आणि अक्षराची शिस्त या दोहोंचा असा मेळ आम्हांला फारच थोड्या ठिकाणी आढळला आहे.

येथे पुन्हा वडशाकडे वळू. झाडीबोलीत ‘पाणी’चे ‘पानी’ होते आणि ‘डोळा’चा ‘डोरा’. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी या बोलीचे वैभव जगापुढे मांडले आहे आणि हे उच्चार अशुद्ध नाहीत, ते एका स्वतंत्र बोलीचे नियम आहेत, हे आता कोणी शिकवण्याची गरज उरू नये. पण शाळेचे पुस्तक प्रमाणभाषेत असते आणि परीक्षाही. डोळस झाडी मूल घरी ‘डोरा’ म्हणते, पुस्तकात ‘डोळा’ पाहते आणि दोन्ही रूपे मनात वेगवेगळी जपते. अंध मुलाला पुस्तक केवळ ऐकवले जात असेल, आणि ऐकवणारा भाऊ वा मित्र त्याच मातीतला असेल, तर प्रमाण रूप त्याच्यापर्यंत पोचावे कोठून? ब्रेल वाचणाऱ्या मुलाला ते पोचते. भारती ब्रेलमध्ये ण म्हणजे ३, ४, ५, ६ ही टिंबे आणि ळ म्हणजे ४, ५, ६. दोहोंत एका टिंबाचा फरक. न आणि ल यांची टिंबे तर निराळीच आहेत. जो ण व ळ त्या मुलाच्या घरात कोणी उच्चारत नाही, तो त्याच्या तर्जनीखाली रोज येतो. तीच गोष्ट ‘दिन’ आणि ‘दीन’ यांची. मराठी उच्चारात हे शब्द जवळजवळ एकच. अर्थ मात्र एकाचा दिवस आणि दुसऱ्याचा दुबळा. कानाला संदर्भावर अवलंबून राहावे लागते, बोटाला ते लागत नाही. बार्बिए आणि ब्रेल यांच्यातला पॅरिसचा वाद वैनगंगेच्या काठी असा नव्याने उभा राहतो.

ब्रेल हस्तगत होणे मात्र सोपे नसते, हेही सांगितले पाहिजे. पाटी आणि टोचणीने लिहिताना कागदाच्या मागच्या बाजूने टिंबे उठतात, म्हणून लिहायचे उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक चिन्ह आरशातल्यासारखे उलटे. मग कागद पालटून वाचायचे डावीकडून उजवीकडे. अंकगणितासाठी टेलर फ्रेम नावाची भोकांची पाटी असते. तिच्यात धातूच्या खुंट्या वेगवेगळ्या दिशांनी बसवून अंक मांडतात. हे सारे पाच-सहा वर्षांच्या वयात, रोज, जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली घडले तर बोटे तयार होतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलांसाठी पूर्वीपासून अशा शिक्षणाची ठिकाणे म्हणजे वरोऱ्याजवळचे आनंदवन आणि नागपूरचे अंध विद्यालय. बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांसाठी उभारलेल्या आनंदवनाने अंध मुलांची शाळा चालवली, आणि पुढे ‘स्वरानंदवन’ या वाद्यवृंदातून तेथील अंध कलावंतांचे सूर महाराष्ट्रभर पोचले. परंतु निवासी शाळा म्हणजे घरापासून ताटातूट. मुलाला वसतिगृहात ठेवावे की गावच्या शाळेत, हा प्रश्न आईबापांना नेहमीच जड गेला. १९७४ मध्ये केंद्र सरकारने अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना आणली; मुलाने गावच्या शाळेत राहावे आणि विशेष शिक्षकाने त्याच्यापर्यंत जावे, असे तिचे सूत्र. सूत्र योग्यच होते. पण जो शिक्षक कित्येक शाळांत फिरतो, तो एका मुलाच्या बोटांना रोजचा सराव कसा देणार? मूल घरी राहिले, ब्रेल मात्र पुष्कळदा मागे पडली.

ती पोकळी ध्वनीने भरून काढली. १९३० च्या दशकात अमेरिकेत व ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रिकांवरील ‘बोलकी पुस्तके’ सुरू झाली. नंतर कॅसेटने ती स्वस्त व सुटसुटीत केली आणि आपल्याकडेही स्वयंसेवकांनी पाठ्यपुस्तके व कथा-कादंबऱ्या वाचून मुद्रित केल्या. अंध विद्यार्थ्यांच्या एका पिढीने पदव्या मिळवल्या त्या या कॅसेटींवर. त्या वाचकांचे ऋण मोठे आहे. तथापि कॅसेटमध्ये पान नसते, परिच्छेद नसतो. हवी ती ओवी सापडण्यासाठी फीत मागेपुढे करावी लागते. कवितेची ओळ कोठे तुटली हे वाचणाऱ्याच्या श्वासावर ठरते. साहित्याच्या विद्यार्थ्याला तर वाचणाऱ्याने लावलेला अर्थच संहिता म्हणून मिळतो.

संगणकाने हे बदलेल असे वाटले होते, आणि इंग्रजीपुरते ते बदललेही. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी ‘जॉज’ ही प्रणाली १९९५ मध्ये विंडोजवर आली. तिच्या साह्याने विद्यार्थी एकेक अक्षर, एकेक शब्द, एकेक शीर्षक चाळू शकत होता. अक्षर पुन्हा त्याच्या स्वाधीन झाले होते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी संसाधन केंद्र उभे राहिले आणि महाविद्यालयीन शिक्षणात ही साधने रुळू लागली. पण मराठीचे काय? येथे आपल्याच घरातील एक दोष कबूल करावा लागेल.

तोपर्यंत मराठीचा संगणकावरील सारा व्यवहार निरनिराळ्या खासगी टंकांत चालत असे. त्यांत मराठी अक्षर हे केवळ चित्र होते. रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले. श चा अर्धा भाग एका कळीवर, त्याचा दंड दुसऱ्या कळीवर, आणि वेलांटी डोळ्याला जशी दिसते तशी व्यंजनाच्या आधी साठवलेली. डोळसाला पान सुबक दिसे. वाचक प्रणालीला मात्र तेथे मराठी सापडतच नसे. ती त्या तुकड्यांमागचे रोमन वर्ण आणि चिन्हे बडबडत सुटे. म्हणजे ज्या काळात मराठी पुस्तके प्रथमच हजारोंनी संगणकावर अक्षरजुळणी होऊन निघू लागली, नेमक्या त्याच काळात ती अंधांना बंद राहिली. आणि ती बंद ठेवणारी भिंत कोणा शत्रूने बांधली नव्हती, आपण अक्षराकडे केवळ रूप म्हणून पाहिले त्यातून ती उभी राहिली.

वास्तविक दुसरा मार्ग उपलब्ध होता. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण ठरले होते. पुण्याच्या सी-डॅकने त्यावर पुष्कळ काम केले. आणि १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तीत याच पायावर देवनागरीला स्थान मिळाले. युनिकोडमध्ये ‘दिवस’ कसा साठवला जातो? आधी द, मग इकार, मग व, मग स. वेलांटी डावीकडे दिसणे हा केवळ दर्शनाचा भाग. साठवण उच्चाराच्या क्रमाने. चाळीस वर्षांपूर्वी भारती ब्रेलने बोटांसाठी जो क्रम स्वीकारला तोच क्रम यंत्रासाठी स्वीकारावा लागला! हलन्ताच्या बाबतीत तेवढा फरक आहे: ब्रेलमध्ये ४ हे टिंब व्यंजनाच्या आधी येते, युनिकोडमध्ये हलन्त नंतर येतो. बाकी तत्त्व एकच. सी-डॅकच्या घराण्यातील ‘इनस्क्रिप्ट’ कळफलकातही स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात, क ज्या कळीवर त्याच कळीवर शिफ्टसह ख. जे मूल भारती ब्रेलचा तर्क जाणते त्याला हा कळफलक परका वाटण्याचे कारण नाही. डोळे मिटूनही चालावी अशीच ही व्यवस्था आहे.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकल करन या अंध तरुणाने ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य प्रणाली लिहायला घेतली आणि महागड्या परवान्याची अट गळून पडली. २००९ पासून भ्रमणध्वनीतच पडदा वाचणारी सोय येऊ लागली. पुढे तिला मराठी आवाजही लाभले. एनव्हीडीएमध्ये मराठी ब्रेलचा तक्ता आहे. टिंबे वरखाली होणारे ब्रेल-दर्शक यंत्र जोडले, तर तोच मजकूर बोटांखाली वाचता येतो. १५ फेब्रुवारी २००८ रोजी स्वागत थोरात यांनी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले आणि पाठ्यपुस्तकापलीकडचे, ताज्या घडामोडींचे वाचन प्रथमच मराठी बोटांखाली नियमितपणे आले. कायद्यानेही वाट मोकळी केली. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कॉपीराइट कायद्यात अंधांसाठी सुगम प्रती करण्यास मुभा मिळाली. २०१३ च्या मराकेश कराराला २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत हा पहिला देश ठरला. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हा ऑनलाइन संग्रह खुला झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ठरावीक प्रमाणापर्यंत अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके व साहाय्यक साधने मोफत देण्याची जबाबदारी शासनावर टाकली.

साधने आली, कायदे आले. राहिले ते कौशल्य. वडशासारख्या ठिकाणच्या मुलाच्या हाती फोन येणे आता दुर्मीळ नाही. पण फोन बोलतो म्हणून मूल वाचू लागले असे होत नाही. कळफलकावर एफ व जे या कळींवरील उंचवटे चाचपून दहाही बोटांनी टंकलेखन करणे. मजकूर सलग ऐकण्याऐवजी शीर्षकांवरून उड्या घेत हवे ते शोधणे. अडलेल्या शब्दावर थांबून बाणाच्या कळीने तो अक्षराअक्षराने उलगडणे. आपण लिहिलेले स्वतः पुन्हा तपासणे. आणि या सर्वांच्या मुळाशी, यंत्र बंद पडले तरी सोबत राहणारी ब्रेल. ही कौशल्ये मुलाला दहावीच्या वर्षी शिकवून भागत नाही. डोळस मूल ज्या वयात धुळाक्षरे गिरवते त्याच वयात त्यांचा आरंभ व्हावा लागतो. शब्द अक्षराअक्षराने उलगडण्याची सवय असलेल्या मुलाला यंत्राचा आवाजही ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक सांगतो. ती सवय नसलेल्यासाठी तोच आवाज जुन्या कॅसेटचा नवा अवतार ठरतो.

याची कसोटी परीक्षेच्या दालनात लागते. अंध विद्यार्थी सांगतो आणि लेखनिक लिहितो, ही आपल्याकडची रूढ पद्धत. लेखनिक कोण असावा, त्याचे शिक्षण किती असावे याविषयीचे नियम वेळोवेळी बदलले. २०१३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी लेखनिकाच्या शिक्षणाची अट काढली होती. २०१८ मध्ये, स्वतःचा लेखनिक आणल्यास तो परीक्षार्थीपेक्षा एक पायरी खालचा असावा, अशी अट आली. या अटींमागील संशय क्षणभर बाजूला ठेवू. आम्हांला खुपते ते निराळे. मराठी हा ज्याचा विषय आहे त्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका तपासताना आपण शुद्धलेखनाचे, परिच्छेदरचनेचे, विरामचिन्हांचे गुण देतो किंवा कापतो. ते गुण कोणाचे असतात? ज्याच्या हस्ताक्षरात ती पत्रिका आहे त्याचे. विद्यार्थ्याचे लेखन आपण पाहिलेलेच नसते. आणि २०१३ च्या त्याच सूचनांत ब्रेलमध्ये किंवा संगणकावर उत्तरे लिहिण्याचा पर्यायही होता! तो पर्याय मागू शकणारा विद्यार्थी आपण घडवला नाही, म्हणून तो कागदावर राहिला.

आम्ही श्रवणाचे महत्त्व कमी लेखत नाही. गुलाबराव महाराजांची विद्या श्रवणाची होती, झाडीपट्टीचे नाटक श्रवणाचे आहे आणि ओवी तर कानासाठीच जन्मली. अंध विद्यार्थी या परंपरेचा स्वाभाविक वारसदार आहे. त्याच्याकडून आपण ऐकणे शिकावे अशी स्थिती आहे. पण वारसा एक आणि सक्ती दुसरी. डोळस मुलाला ऐकण्याचाही अधिकार आहे आणि वाचण्याचाही. त्यातले केव्हा काय करायचे ते त्याचे तो ठरवतो. अंध मुलाला मात्र ‘तुला ऐकू येते ना, मग पुरे’ असे आपण दोनशे वर्षे या ना त्या रूपात सांगत आलो.

यात साहित्याच्या शिक्षकाला करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. टिपणे युनिकोडमध्ये द्यावीत. कवितेच्या ओळी जशा आहेत तशा, ओळीओळीने टंकित कराव्यात, त्यांचे छायाचित्र पाठवू नये. शीर्षकाला शीर्षक म्हणूनच चिन्हांकित करावे. वर्गात अंध विद्यार्थी असेल तर त्याचे निदान एक लेखन त्याच्या स्वतःच्या बोटांतून उतरलेले मागावे आणि त्यातल्या चुका इतरांच्या चुकांप्रमाणेच लाल शाईने, म्हणजे त्याला वाचता येईल अशा रीतीने, दाखवाव्यात. चूक करण्याचा अधिकार हाही लेखकाचाच अधिकार आहे.

हंगाम सुरू झाला की वडशाहून नाट्यकंपन्यांच्या गाड्या पुन्हा गावोगाव निघतील. मंडपाच्या कडेला बसलेले ते मूल पहाटेपर्यंत ऐकेल आणि कदाचित सारे नाटक पाठ करून घरी येईल. त्याने कोण्या एका दिवशी स्वतःचे नाटक लिहायला घ्यावे, ‘डोरा’ असे लिहायचे की ‘डोळा’ हे दोन्ही रूपे ठाऊक असून आपल्या पात्राकडे पाहून ठरवावे, आणि लिहून झाल्यावर ते कोणाला न विचारता स्वतः वाचून पाहावे.